चढउताराच्या कोकणी शहरांत सायकल आणि पायी चालणे परत कसे आणता येईल?

पाखाडी (धागाकर्ता)

रत्नागिरीत जयस्तंभाकडून मारुती मंदिराकडे जाताना लागणारा चढ इथल्या कुणाला नव्याने सांगायला नको. संध्याकाळी शाळा सुटण्याच्या वेळी त्या चढावर दहा मिनिटे उभे राहून पाहावे. मुले-मुली सायकलवरून उतरतात, दप्तर हँडलला अडकवतात आणि सायकल ढकलत वर चढू लागतात. सायकल चालवताना लागते त्यापेक्षा ढकलताना जागा जास्त लागते, कारण मूल सायकलच्या शेजारून चालत असते. नेमकी त्याच जागी डाव्या हाताला उभ्या केलेल्या मोटारींची रांग असते आणि उजव्या हाताने डंपर, रिक्षा, दुचाक्या एकमेकांना मागे टाकत वर येत असतात.

या चढाकडे बोट दाखवून "कोकणात सायकल चालायचीच नाही" असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. चढामुळे मुले पायडल मारायची थांबतात हे खरे, पण आईवडील सायकल द्यायचेच थांबवतात ते गाड्यांच्या वेगामुळे. चढ निसर्गाने दिला आहे. रस्त्याची रुंदी कुणाला किती द्यायची, हे मात्र आपण ठरवलेले आहे.

सायकलचे नाव निघाले की लोक नेदरलँडचे उदाहरण देतात आणि तो देश सपाट आहे म्हणून विषय सोडून देतात. तो देश 1950 मध्ये होता तितकाच 1970 मध्येही सपाट होता. तरी त्या वीस वर्षांत तिथली सायकल झपाट्याने मागे पडली आणि मोटारींसाठी रस्ते रुंद होत गेले. 1971 मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसे मेली आणि त्यांत 400 हून अधिक मुले होती. त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले, "मुलांची हत्या थांबवा" ही चळवळ उभी राहिली, 1973 चे तेलसंकट आले, रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या आणि मग हळूहळू रस्त्यांची रचना बदलली. जमिनीचा सपाटपणा त्यांना तेव्हा वाचवू शकला नव्हता. लोकांनी आग्रह धरला आणि त्या आग्रहाचे आराखड्यात रूपांतर झाले, तेव्हा सायकल परत आली.

चढाच्या रस्त्यासाठी एक साधी गोष्ट करता येते. चढताना सायकलचा वेग कमी होतो, तोल सांभाळण्यासाठी हँडल डावी-उजवीकडे हलते, म्हणून चढणाऱ्याला जास्त रुंदी लागते. उतरताना सायकल जवळजवळ गाड्यांच्याच वेगाने जाते. त्यामुळे रस्ता अरुंद असेल तर दोन्ही बाजूंना अर्धवट पट्टे आखण्यापेक्षा फक्त चढाच्या बाजूला निदान दोन मीटरचा, दगडाने वेगळा केलेला पट्टा द्यावा. चढाच्या बाजूचे पार्किंग काढले की ही रुंदी मिळते, एकही घर पाडावे लागत नाही.

आपापल्या गावातले अनुभव आणि उपाय लिहावेत, ही विनंती.

सुरंगी

धागा आवडला. पण सुरुवात सायकलपासून न करता पायांपासून करावी, असे मला वाटते. आमच्या मालवणच्या बाजारात सकाळी मासे घेऊन येणाऱ्या बायका डोक्यावर पाटी घेऊन चालतात. त्यांना सायकल नको आहे, त्यांना सलग सपाट पदपथ हवा आहे. आपल्याकडे पदपथ म्हणजे गटारावरचे झाकण असते. चार लाद्या नीट, पाचवी निघालेली, सहावी वर उचललेली, पुढे विजेचा खांब आणि मग अचानक फुटभर उंच पायरी. अशा पदपथावर पाटी घेऊन कुणी चढत नाही, म्हणून त्या डांबरावरून चालतात आणि मग लोक म्हणतात की पदपथ बांधला तरी कुणी वापरत नाही.

भारतीय रस्ते परिषदेच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत (आयआरसी 103, 2012) पदपथाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि अडथळाविरहित रुंदी किमान 1.8 मीटर असावी असे स्पष्ट म्हटले आहे. एवढे जरी पाळले, तरी म्हातारी माणसे, गरोदर बायका, पाटीवाल्या आणि चाकाच्या खुर्चीवरची माणसे स्वतःच्या बळावर बाजारात येऊ शकतील.

घाटमाथा

मी पुण्यात राहतो, आजोळ देवगडचे. पुणे कधीकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जायचे, हे माझ्या वडिलांच्या पिढीने पाहिले आहे. इथून दोन धडे सांगतो.

पहिला धडा तुटक मार्गांचा आहे. इथे सायकलमार्ग बरेच बांधले गेले, पण ते चौकाच्या अलीकडे संपतात आणि पलीकडे पुन्हा सुरू होतात. अपघाताचा धोका सगळ्यात जास्त असतो तो चौकातच आणि तिथेच सायकलवाल्याला वाऱ्यावर सोडलेले असते. पुलाचा मधला गाळा नसेल तर उरलेल्या पुलाचा जसा उपयोग नाही, तसेच हे आहे. स्पेनमधल्या सेव्हिल शहराने साधारण 2006 पासूनच्या दोन-तीन वर्षांत एकमेकांना जोडलेले मोठे जाळेच एकदम उभे केले आणि म्हणून तिथे सायकलींची संख्या पटींनी वाढली. एका वर्षी अर्धा किलोमीटर, पुढच्या निवडणुकीआधी आणखी अर्धा, अशा पद्धतीने ते झाले नसते.

दुसरा धडा आशेचा आहे. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद केला, बसायला जागा केली, झाडे तशीच ठेवली आणि तिथे आज संध्याकाळी आजीआजोबा नातवंडांना घेऊन फिरतात. नांदेडमध्येही 2008 च्या, शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या आधी केंद्राच्या योजनेतून काही रस्ते पदपथ आणि सायकलपट्ट्यासह बांधले गेले होते. आपल्याच राज्यात हे होऊ शकते, त्यासाठी युरोपात जायची गरज नाही.

तांबडी माती

माझे कुडाळजवळ वेल्डिंगचे छोटे वर्कशॉप आहे. मोठ्या आराखड्यांवर बोलण्याइतका माझा अभ्यास नाही, पण एक अनुभव सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी शिकवणीहून येत होती. रस्त्याच्या कडेच्या गटारावर लोखंडी जाळी होती आणि तिचे गज रस्त्याच्या दिशेनेच बसवलेले होते. दोन गजांमधली फट माझी दोन बोटे आडवी जातील एवढी. पुढचे चाक त्या फटीत उतरले, सायकल जागीच थांबली आणि पोर हँडलवरून पुढे फेकली गेली. हनुवटीला चार टाके पडले. मागून गाडी येत नव्हती, ही देवाची कृपा.

दुसऱ्या दिवशी मी तिथे जाऊन मोजमाप घेतले. ती जाळी चौकोनी होती, नुसती उचलून काटकोनात फिरवली असती तरी गज आडवे झाले असते आणि चाक अडकले नसते. जिथे फिरवता येत नाही तिथे वरून तीन आडव्या पट्ट्या जोडल्या की काम होते. पाणी तसेच जाते. मला एका जाळीला पाव तासही लागला नाही. रस्ता बांधताना सायकलवाला कुणाच्या मनातच नसतो, हे त्या जाळीकडे पाहून मला जितके कळले तितके भाषणे ऐकून कळले नव्हते.

पाखाडी

@तांबडी माती, वाचून काळजात चर्र झाले. मुलगी आता बरी असेल अशी आशा आहे.

तुमच्या प्रतिसादावरून रस्त्याच्या कडेबद्दल आणखी एक मुद्दा आठवला. आपल्या डांबरी रस्त्याला पाणी वाहून जाण्यासाठी मध्यापासून कडेकडे उतार दिलेला असतो. म्हणजे पावसाळ्यात पाणी प्रथम कडेला तुंबते, आणि खडी, वाळू, माडाची पडलेली झावळे हे सगळे कडेलाच जमते. डांबराचा थरही सगळ्यात आधी कडेलाच तुटतो. सायकलवाल्याने कडेने जावे असे आपण सांगतो आणि रस्त्याची सगळ्यात वाईट पट्टी त्याच्या वाट्याला देतो. कोपनहेगनमध्ये सायकलपट्टा रस्त्यापेक्षा थोडा उंच आणि पदपथापेक्षा थोडा खाली असतो, हिवाळ्यात बर्फ काढतानाही तिथे सायकलमार्गांना अग्रक्रम असतो. आपल्याकडे बर्फ नाही, पण जून ते सप्टेंबर हीच पद्धत पाण्यासाठी लागू पडेल. पट्टा थोडा उंच ठेवला की पाणी त्याच्यावर थांबणारच नाही.

जुना वाहक

एसटीत तीस वर्षे वाहक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. आपण सगळे सायकलवर बोलत आहात, ते चांगलेच आहे, परंतु कोकणातली खरी हिरवी वाहतूक ही लाल गाडीच आहे, हे विसरू नये. एका गाडीत चाळीस-पन्नास माणसे बसतात. तीच माणसे दुचाकीवर गेली तर किती दुचाक्या रस्त्यावर येतील, याचा हिशेब करून पाहावा.

वस्तीची गाडी संध्याकाळी गावात जाऊन थांबायची आणि पहाटे परत निघायची. त्या एका गाडीवर गावातली दहावी-बारावीची किती मुले शिकली, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. 75 वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्मे तिकीट मिळू लागल्यावर गाड्यांत गर्दी पुन्हा दिसू लागली. मात्र तिकीट स्वस्त असून भागत नाही. माणूस थांब्यावर उभा कुठे राहणार? कित्येक ठिकाणी थांबा म्हणजे एक वडाचे झाड आणि त्याखाली चिखल. महामार्गाच्या रुंदीकरणात तो वडही गेला. थांब्याला पुढे आलेले छप्पर हवे, कारण आपला पाऊस सरळ पडत नाही, तिरका येतो. थांब्यापर्यंत पदपथ हवा. आणि सायकल ठेवायला कुलपाची जागा हवी, म्हणजे तीन किलोमीटर आतल्या वाडीतला मुलगा सायकलने थांब्यावर येईल आणि पुढे गाडीने जाईल.

खाडीपलीकडे

जुन्या वाहकांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. हाच विचार रेल्वे स्थानकांना लावला पाहिजे. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण सुरू झाली, पण मार्गाची आखणी डोंगर-दऱ्यांच्या सोयीने करावी लागल्यामुळे अनेक स्थानके गावाबाहेर पडली. कणकवली आणि कुडाळ ही स्थानके गावाला लागून आहेत, पण रत्नागिरीचे स्थानक बाजारपेठेपासून काही किलोमीटर दूर आहे, सावंतवाडीचे मळगावात आहे आणि राजापूर रोड तर नावापुरतेच राजापूरचे. स्थानक ते गाव हे अंतर रिक्षा किंवा स्वतःची गाडी याशिवाय कापता येत नाही, म्हणून रेल्वेने येणारा माणूसही शेवटी मोटारच मागतो.

नेदरलँडमधल्या उट्रेख्ट स्थानकाखाली 2019 मध्ये साडेबारा हजार सायकली राहतील अशी जागा पूर्ण झाली. आपल्याला साडेबारा हजारांची गरज नाही. प्रत्येक स्थानकावर पत्र्याखाली शंभर सायकली, एक राखणदार आणि पंपाची हवा एवढे पुरे. खाऱ्या हवेत सायकल उघड्यावर राहिली तर महिन्याभरात साखळीला गंज चढतो, त्यामुळे छप्पर ही इथे चैन नाही.

आणि खाडीतल्या तरीचे, म्हणजे फेरीबोटीचे, विसरू नका. दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेश्वी–बागमांडले इथल्या जंगल जेटीवर (गाड्या नेणाऱ्या बोटीवर) सायकल सहज चढते. खाडी ओलांडली की किती वळसा वाचतो, ते किनाऱ्यावरून सायकलने फिरणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे.

बाजारपेठ

माझे किराणा मालाचे दुकान आहे, त्यामुळे थोडे वेगळे मत मांडतो. पार्किंग काढा असे लिहिणे सोपे आहे. मे महिन्यात आणि गणपतीत मुंबईहून येणारी माणसे दुकानाच्या दारात गाडी लावूनच सामान भरतात. दारात जागा नसेल तर ती महामार्गावरच्या मोठ्या दुकानात जातील. वर्षाचा धंदा त्या दोन हंगामांवर उभा असतो. रस्ते बदलताना आम्हाला विचारणार की नाही?

पाखाडी

तुमची काळजी रास्त आहे आणि तिला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

एका मोटारीला सुमारे 2.5 मीटर बाय 5 मीटर जागा लागते. तेवढ्याच जागेत सहज दहा सायकली राहतात. दारात तासभर उभी राहिलेली एक मोटार म्हणजे एक गिऱ्हाईक. त्या तासात तिथे दहा सायकली आणि पायी येणारी माणसे आली असती. हंगामातले चाकरमानी वर्षातून पाच-सहा आठवडे येतात, गावातले गिऱ्हाईक बाराही महिने येते आणि ते चालत येणारे असते.

स्पेनच्या वायव्य किनाऱ्यावर पोंतेवेद्रा नावाचे शहर आहे. आपल्यासारखेच जुने, दगडी, खाडीकाठचे, भरपूर पावसाचे. तिथे 1999 पासून जुन्या भागात बाहेरच्या मोटारींना जाता येत नाही. दुकानात माल आणणारी गाडी ठरावीक वेळेत येते, रहिवाशांना आणि अपंगांना सोय आहे, बाहेरून आलेले लोक कडेच्या तळांवर गाडी लावून दहा-पंधरा मिनिटे चालतात. मोटारी थांबल्या म्हणून शहराचा मध्यभाग ओस पडला नाही, उलट लोक तिथे राहायला परत आले.

नेदरलँडच्या ग्रोनिंगन शहराने 1977 मध्ये मध्यवस्तीचे चार भाग केले. मोटारीला एका भागातून दुसऱ्यात जायचे तर बाहेरच्या वळणरस्त्यावर यावे लागते. सायकल आणि पायी माणूस मात्र सरळ आरपार जातो. मोटारबंदी अशी नाहीच, फक्त जवळची वाट कुणाची हे ठरवून दिले आहे. आपल्या आळ्यांमध्ये हे दोन चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) उभे करून साधता येईल: सायकल जाईल, हातगाडी जाईल, मोटार वळसा घालून येईल.

आणि तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर: होय, आधी दुकानदारांनाच विचारले पाहिजे. माल उतरवण्याची वेळ तुम्हीच ठरवा.

सुरंगी

पाखाडी हे नाव धागाकर्त्यांनी घेतले आहे, म्हणून त्याच शब्दाबद्दल लिहिते. आमच्या वाड्या एकमेकींना पाखाड्यांनीच जोडलेल्या आहेत. दोन बाजूंना गडगा (दगडी कुंपण), मध्ये जांभ्याच्या पायऱ्या, वर फणस-आंब्याची सावली. डांबरी रस्त्याने दीड किलोमीटरचा वळसा पडतो ते देऊळ पाखाडीने पाच मिनिटांवर असते. परदेशात पैसे खर्चून जी पायवाटांची जाळी करतात ती आपल्या आजोबा-पणजोबांनी करून ठेवलेली आहे. आज त्यांतल्या कित्येक गवतात गेल्या आहेत आणि काही कुणाच्या कुंपणात गेल्या आहेत.

एक अडचण मात्र खरी आहे. पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ धरते आणि पाय सरकतो. पूर्वी गणपतीआधी सगळी वाडी मिळून पाखाडी घासायची. नवीन चिरे बसवताना पृष्ठभाग छिन्नीने खरखरीत करून घ्यावा, गुळगुळीत कापीव चिरा पायरीला वापरू नये. आणि कडेने हाताला आधार म्हणून एक दांडा लावावा.

पाखाडी

सुरंगीताई, यात माझी एक भर. पायऱ्यांच्या कडेने वीतभर रुंदीची पन्हळ सोडली, तर सायकलचे चाक त्यात ठेवून ती पायऱ्यांवरून ढकलत नेता येते. युरोपातल्या रेल्वे स्थानकांच्या जिन्यांवर हे सर्रास असते. पाखाडी दुरुस्त करतानाच ही पन्हळ काढली तर खर्च नगण्य आहे. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइम शहरात 1993 पासून चढावर सायकलस्वाराला ढकलून वर नेणारे यंत्र बसवलेले आहे. आपल्याला तितके लांब जायला नको.

दुसरे म्हणजे जुन्या गाडीवाटा. बैल ओढू शकतील अशाच चढाने त्या काढलेल्या होत्या, डोंगराला वळसा घालत. नंतर मोटारीच्या जोरावर सरळ चढाचे रस्ते झाले. सायकलसाठी जुनी गाडीवाट पुष्कळ वेळा अधिक योग्य असते.

आणि चढच नको असेल त्यांच्यासाठी आता विजेची सायकल आहे. 70 किलोचा माणूस आणि 15 किलोची सायकल 5 टक्के चढावर, म्हणजे 100 मीटरला 5 मीटर चढताना, ताशी 10 किलोमीटरने जायची तर नुसत्या चढासाठी सुमारे 115 वॅट लागतात. 250 वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाची विजेची सायकल कायद्याने मोटार वाहन धरली जात नाही, तिला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. म्हणजे ज्या चढाला आपण शंभर वर्षे घाबरलो तो या छोट्या मोटरच्या सहज आवाक्यातला आहे. मग उरतो तो फक्त सुरक्षित पट्ट्याचा प्रश्न.

घाटमाथा

वेगाबद्दल कुणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 50 किलोमीटरने जाणाऱ्या गाडीत ताशी 30 ने जाणाऱ्या त्याच गाडीच्या सुमारे पावणेतीन पट ऊर्जा असते. रस्तेसुरक्षेवरच्या फेब्रुवारी 2020 मधल्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तिथे ताशी 30 किलोमीटर हीच मर्यादा असावी, असे म्हटले आहे. पाटी लावून वेग कमी होत नाही. रस्ता रुंद आणि सरळ दिसला की पाय आपोआप दाबला जातो. कोपऱ्याची गोलाई कमी करणे आणि पादचारी ओलांडतात तिथे रस्ताच पदपथाच्या पातळीला उचलणे, यांनी तो खरोखर कमी होतो. रेवस–रेड्डी सागरी महामार्ग होत असताना किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाने हे आधी मागून घ्यावे. काम झाल्यावर मागणे फार अवघड जाते.

खाडीपलीकडे

मागायचे कुठे, तर विकास आराखड्यात. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती आणि सूचना द्यायला 30 दिवस मिळतात आणि नंतर सुनावणी होते. हे 30 दिवस बहुतेक गावांत कुणालाही कळत नाहीत. जमिनीवर आरक्षण पडले आहे का, एवढेच लोक पाहतात. अमुक पाखाडी नकाशावर सार्वजनिक वाट म्हणून दाखवा, अमुक बाजाररस्ता रुंद करण्याऐवजी मोटारींना एकदिशा करा, अशी सूचना सहसा कुणी देत नाही. जी वाट नकाशावर नाही, ती उद्या कुंपणात गेली तर भांडायला आधार उरत नाही.

पाखाडी

सर्वांचे आभार. आता नुसते लिहीत न राहता मोजणी करू या. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी जयस्तंभाजवळ टेप, वही आणि खडू घेऊन उभा असेन. चढाच्या दर पन्नास मीटरला रस्त्याची रुंदी, पार्किंगने व्यापलेली रुंदी, पदपथाची उंची आणि गटारावरच्या जाळ्यांची दिशा लिहून घ्यायची आहे. सोमवारी शाळा सुटताना त्याच ठिकाणी अर्धा तास सायकली, पायी मुले आणि गाड्या मोजायच्या आहेत. मालवण, कुडाळ, देवगडच्या मंडळींनीही आपापल्या एका रस्त्याची अशीच नोंद करून इथे द्यावी.

बाजारपेठ

रविवारी दुकान नऊला उघडतो, तोपर्यंत मी येऊ शकतो. माल उतरवण्याच्या वेळा आमच्या रांगेतल्या दुकानदारांना विचारून लिहून आणतो.

तांबडी माती

जाळ्यांची लांबी, रुंदी आणि गजांमधली फट मिलिमीटरमध्ये घ्या, जाळी खाली बसवलेली आहे की नुसती ठेवलेली आहे तेही लिहा. रीतसर परवानगी मिळाली की आडव्या पट्ट्या मी इथून कापून पाठवतो.